भांडं रिकामं कसं द्यायचं

माझी मुलगी जर्मनीत शिकते. तिथल्या एका लहानशा गावात, एकट्या राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर तिची भाड्याची खोली आहे. ती मिळेपर्यंत पोरीने इतके उंबरे झिजवले होते, की मिळाली त्या दिवशी मी इथे सोलापुरात आमच्या गल्लीत पेढे वाटले. आणि तीच खोली एका काचेच्या भांड्यापायी हातची जायची वेळ आली.

झालं असं, की बाईंनी घरी केलेला केक त्या भांड्यातून वर दिला. त्यात दारू होती. तिकडे घालतात म्हणे, आपण वेलची घालतो तशी. आमच्यात दारू हराम, थेंबभरही चालत नाही. पोरीने वासावरून ओळखलं, केक वर्गातल्या मैत्रिणीला देऊन टाकला आणि बाईंना 'छान झाला होता' असं सांगून मोकळी झाली. भांडं मात्र परत केलं नाही. का, तर रिकामं कसं द्यायचं? आणि भरून द्यायला परीक्षेमुळे काही रांधायला सवड नव्हती. बाईंनी भांडं मागितलं की ही म्हणायची, उद्या देते. एकदा ती मैत्रीण घरी आली आणि तिनेच बाईंसमोर केकची तारीफ केली. बाईंना काय समजायचं ते त्या समजल्या. माझं अन्न तुला चालत नसेल तर माझं घर तरी कशाला, दुसरी खोली बघ, म्हणाल्या.

पोरगी फोनवर रडायला लागली. घरात आम्ही दखनी बोलतो, आणि दखनीत रागावायची एक वेगळीच सोय आहे. मी ती पुरेपूर वापरली. स्वतःला हराम आणि मैत्रिणीच्या गळ्यात मारलंस? खोटं बोलू नये हेही आपल्याच धर्मात आहे की! ती म्हणाली, "अम्मी, दारू नको म्हटलं की धर्म निघतो. मग लोक वेगळ्याच नजरेने बघतात. मला भीती वाटली."

माझा राग तिथेच विरघळला. म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी.

आमच्या ह्यांनी माझी तयारी करून घेतली. एक अल्ला, नमाज, रोजा, जकात, हज, धर्माचे पाचही खांब क्रमाने सांग, घाई करू नकोस. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, तरी त्या दिवशी माझीच तोंडी परीक्षा असल्यासारखी मी ते घोकत बसले. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला. पोरगी मधे दुभाषी. बाई ताठ बसलेल्या. त्यांनी नमस्कारही न करता विचारलं, "माझ्या हातचं खाणं तुमच्या धर्मात पाप आहे का?"

पाठ केलेलं सगळं उडालं. नेमक्या तेव्हाच आमच्या शेजारच्या तेलुगू अक्का माझी वाटी परत द्यायला आल्या होत्या. मी फोन त्यांच्याकडे वळवला.

म्हटलं, "या माझ्या शेजारीण. श्रावणात माझ्या बिर्याणीला हात लावत नाहीत. पण त्या बिर्याणीला नाही म्हणतात, मला नाही म्हणत. माझी मुलगीसुद्धा दारूला नाही म्हणाली, तुम्हाला नाही. ते तिने तोंडाने सांगायला हवं होतं. तिथे ती चुकली."

मग सांगितलं, की आमच्या पैगंबरांची शिकवण आहे, रस्सा करताना पाणी थोडं जास्त घालावं आणि त्यातला शेजाऱ्याला द्यावा. तुम्ही केक दिलात तेव्हा तुम्ही आमच्याच धर्मातलं वागलात.

बाईंनी विचारलं, "आणि भांडं ठेवून घेणं? तेही धर्मातलं?"

"नाही," मी म्हटलं. "ते सोलापूरचं."

अक्कांना राहवलं नाही. त्या फोनमध्ये डोकावून म्हणाल्या, "भरून आलेलं भांडं रिकामं कसं द्यायचं ओ? लई वाईट दिसतंय की!"

पोरीने ते सांगितलं आणि बाई हसल्या. चांगल्या डोळे पुसत हसल्या. पुढचा केक बिनदारूचा करीन म्हणाल्या. खोलीचं काय, हे विचारायचं धाडस मला होईना, तर त्याच म्हणाल्या, खोली तिचीच आहे. फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की मी अक्कांना घट्ट धरलं आणि त्यांच्या हातातली वाटी, तिच्यातल्या लाडवांसकट, खाली पडली. आमचे हे आतून विचारत होते, जकातीपर्यंत पोचलीस का?

पोरीने ते काचेचं भांडं आमच्या शेंगाचटणीने भरून परत केलं. पुढे ईदला तिने शीरखुर्मा केला आणि मी इथून दिलेल्या स्टीलच्या डब्यातून बाईंना दिला. बरेच दिवस झाले तरी डबा येईना. शेवटी तिने भीतभीत विचारलं, की डबा हरवला का.

बाई म्हणाल्या, "थांब जरा. रिकामा कसा देऊ?"