मधला वायसर

चहा गाळून होतो न होतो तोच दारावर थाप पडली. मिस्त्री दारापासून दोन हातांवर शिलाई मशीन उलटं पाडून बसले होते, पण त्यांनी मान वर केली नाही. उजवी बाजू दाराकडे होती ना! बायकोने गाळणं आपटलं आणि दार उघडलं.

दारात दवाखान्याचा माणूस, काखेत फाइल. "ताई, मिस्त्रींची एक सही हवी होती."

अख्ख्या बाजारातल्या शिंप्यांची मशीनं मिस्त्री दुरुस्त करत ती कानाने. पेचकसाचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ उजव्या कानाला लावायची, डोळे मिटायचे. "शटल घासतंय," म्हणाले की दोष शटलातच निघायचा. तो कान आतून सडला तेव्हा डॉक्टरांनी खराब हाडं काढली आणि तांदळाच्या दाण्याहून लहान टायटॅनियमची काडी बसवली. मिस्त्री हरखले. तपासणीला गेले तेव्हा आपणहून सांगून बसले, "डॉक्टर, पेचकस लावून बघितला, शटल लख्ख ऐकू आलं!" डॉक्टरांनी पाठ थोपटली.

वर्षभरात कान वाहू लागला, आवाज विझत गेला. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं. काडी पडदा फाडून बाहेर डोकावत होती. "काडी आणि पडदा यांच्यामध्ये कानाच्याच कूर्चेची चकती ठेवतात. इथे ती दिसत नाही," त्या म्हणाल्या. "आणि बाहेरून पेचकस टेकवून असं होत नाही." काडी बसवलेल्या दवाखान्यात मिस्त्रींनी तक्रार केली. पेचकस आता डाव्या कानाला जातो, पण त्या कानाला सगळी खडखड एकसारखीच वाटते. दोन शिंप्यांनी मशीनं परत नेली.

तक्रारीचं उत्तर त्या फाइलमध्ये होतं. बायकोने वाचलं : 'रुग्णाच्या स्वतःच्या कबुलीनुसार, कानाला अवजार लावल्याने काडी सरकली. हे मला मान्य आहे.' खाली सहीची जागा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कबुली? माणूस आनंदाने सांगतो ती कबुली? मग तेव्हा पाठ कशाला थोपटली, सदऱ्याचं माप घ्यायला?"

"ताई, मी नुसता कागद पोहोचवणारा."

"मग पोहोचवा की परत!"

"काय म्हणतो तो?" मिस्त्रींनी डावा कान पुढे केला. तिला सगळं ओरडून वाचावं लागलं. घरातल्या घरात ओरडावं लागतं, याने ती आणखीच भडकली.

मिस्त्रींनी डब्यातून एक वायसर काढून त्या माणसाच्या तळहातावर ठेवला. "दादा, पातळ पत्र्यावर नट आवळताना मी मध्ये हा घालतो. मी विसरलो आणि पत्रा फाटला, तर गिऱ्हाइकाला 'तू मशीन चालवलंस कशाला' असं विचारत नाही."

"मग डॉक्टरांना काय सांगू?"

"सांगा, भांडायचं नाही मला. ही ओळ खोडा आणि खरी ओळ लिहा, 'मध्ये चकती ठेवली नव्हती.' मी लगेच सही करतो."