उशिरा बदललेले लायनर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला सांगायचं म्हणून एकदोनदा तोंड उघडलं, आणि आमटीत मीठ कमी आहे असलं काहीतरी बोलून गप्प बसलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

तुळजापुरात स्कूटरचं एक शोरूम आहे. तिथं सर्व्हिसच्या काउंटरवर मी बसतो. गाडीवाल्याची तक्रार ऐकायची, मिस्त्रीला सांगायची, काम झालं की गाडी परत द्यायची. रोज गावाकडून येऊन-जाऊन करतो. आमचं गाव तामलवाडीच्या अंगाला.

गावात आमच्याच गल्लीत, भिंतीला भिंत लावून संगीतावहिनी राहतात. अंगणवाडीत सेविका. नात्यानं कुणी नाहीत, पण त्यांच्या नवऱ्याला, नागनाथदादाला, मी लहानपणापासून दादा म्हणतो, म्हणून त्या वहिनी. त्यांनी स्कूटर शिकावी हे दादाला पसंत नव्हतं. सासूनं लावून धरलं. "शिक गं, मला मागं बसवून फिरव. ह्यो काय नेतुय व्हय कुठं!" म्हातारी मागं बसायची ती थेट पाटलिणीसारखी, पदर सावरून, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत. गल्लीला त्या दोघींचं कौतुक होतं.

रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्यानं वहिनींची नवी बॅटरी काढून जुनी बसवली. तेव्हा त्या माझ्या दारात आल्या. "भावजी, खात्रीचं ठिकाण सांगा की कुठलं तरी. बाई मानूस बघून समदे फसवत्यात."

मी काय म्हणालो? आमच्याकडं आणा, म्हणालो. मी बसलोय ना तिथं.

तर त्या आणायला लागल्या. आणि त्या दिवशीही त्यांनी सकाळीच गाडी आणून दिली – सासू बरोबर, दोघींना बाजार करायचा होता. ब्रेक नीट लागत नाहीत म्हणाल्या, उतारावर भ्या वाटतंय म्हणाल्या. मी ते लिहून घेतलं. दुपारी मिस्त्रीनं चाक उघडून मला बोलावलं. ब्रेकचे लायनर पुढचे-मागचे पार झिजलेले. आमच्याकडं शिल्लक नव्हते, सोलापुराहून यायचे होते. गाडी थांबवू, मिस्त्री म्हणाला.

थांबवायला काय हरकत होती? सांगायचं – वहिनी, आज एसटीनं जा, उद्या गाडी न्या. एवढंच. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या गेल्याच पाहिजेत असा मालकाचा हुकूम होता, आणि मला त्याची बोलणी खायची नव्हती. मी म्हणालो, ब्रेकची केबल ताण आणि धुवून दे.

गाडी धुतली की नवी दिसते. वहिनी खूश झाल्या. म्हातारीनं बाजारातली दोन केळी माझ्या टेबलावर ठेवली. वहिनींनी विचारलंसुद्धा, "बिरेकचं झालं नव्हं?"

– झालं, वहिनी. बिनधास्त जा.

हे मी म्हणालो. त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणालो.

घाट उतरताना पुढचा टेम्पो थांबला. ह्यांची गाडी थांबली नाही. वहिनींनी ती कडेच्या चारीत घातली. त्यांना खरचटलं. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं.

इथपर्यंतचं कदाचित कुणालाही सांगता आलं असतं. चूक झाली म्हणता आलं असतं. पण पुढचं?

दुसऱ्या दिवशी दादानं गाडी टेम्पोत घालून आमच्याकडं पाठवली. लायनर आले होते. मिस्त्री यायच्या आधी मी स्वतः चाकं उघडली आणि नवे लायनर बसवले. जुने फडक्यात गुंडाळून भंगारात टाकले. मिस्त्री आला, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग पाना उचलून दुसऱ्या गाडीला लागला. दिवाळीनंतर त्यानं काम सोडलं.

मग मी सोलापूरला दवाखान्यात गेलो. फळं घेऊन. दादा म्हातारीच्या उशाशी होता, वहिनी पायथ्याशी. दादानं मला विचारलं, "खरं सांग. गाडीत काय खोट व्हती का?"

– गाडी चोख होती, दादा. उतारावर माणूस घाबरतं, हात चुकतो.

वहिनींनी आपल्या हाताकडं बघितलं. उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाल्या, "व्हय. माझाच हात चुकला असंल."

त्यांनी ब्रेक दाबला होता. त्यांना माहीत होतं. पण स्वतःच्या हातापेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला – हे कसं सांगू तुम्हाला? गाडी तपासायला कुणी आलंच नाही. लायनर बदलायची गरजही नव्हती. माझा शब्द पुरला.

म्हातारी एकटी सांगत राहिली. "पोरीनं बिरेक दाबला व्हता. मला मागनं कळलं." येईल त्याला सांगायची. लोक म्हणायचे, सून गुणाची आहे, म्हणून पाठीशी घालते. माझ्यासमोर कुणी असं म्हटलं, तर मीही मान हलवायचो. म्हातारी खाटेवरून उठलीच नाही. पाठीला जखमा झाल्या, आणि पुढच्या पावसाळ्यात गेली. मी खांदा दिला.

दादानं स्कूटर विकून टाकली. घरात काही वाजलं की तो एकच वाक्य बोलतो – माझी आई तू पाडलीस. भिंतीपलीकडं आम्हाला ऐकू येतं. वहिनी कधी उलट बोलल्या नाहीत. अंगणवाडीला चालत जातात, रस्ता ओलांडताना पोरीसारख्या थबकतात.

गेल्या महिन्यात त्या शोरूमला आल्या. मुलगी नर्सिंगला लागली आहे, तिला स्कूटर घ्यायची होती. दादा नको म्हणत होता, वहिनींनीच हट्ट धरला. पोरीला म्हणाल्या, "दुसरीकडं कुठं टाकायची न्हाय गाडी. भावजींकडंच. आपला मानूस हाय."

मी गाडी काढून दिली. हार घातला, किल्ली पोरीच्या हातात दिली. पोर म्हणाली, आई, बस मागं. वहिनी दोन पावलं मागं सरकल्या.

"तू हो म्होरं. म्या एसटीनं येते."

पोर गेली. वहिनी माझ्याकडं बघून कसनुसं हसल्या. "मला न्हाय जमायचं आता, भावजी. माझा हातच वाईट."

काउंटरवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, सावकाश जा वहिनी. आणि पुढच्या गाडीची तक्रार लिहायला घेतली.