आप्पांची पेटी

बर्फ बोलतो, यावर आप्पांचा पक्का विश्वास होता. सकाळी ते फ्रीजरमधले दगडासारखे आईसपॅक काढून टेबलावर मांडत आणि त्यांना घाम फुटेपर्यंत बाहेर तंबाखू मळत बसत. मग एकेक उचलून कानाशी हलवत. आत पाणी खुळखुळलं की हाक यायची, "बाई, बोलाया लागलं. भरा लस." बर्फ थोडा सुटल्याशिवाय लस भरायची नाही, हे शिकताना मीही वाचलं होतं, मार्कही मिळवले होते. चौथी शिकलेल्या माणसाकडून रोज तेच ऐकणं मात्र मला झोंबायचं.

खालापूर तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात मी नर्स आणि ते लसीची पेटी वाहणारे. डोंगरावरच्या वाडीत पाय ठेवला की बाया ओरडत, "आप्पा आलं गं!" पोर रडलं तरी आप्पांच्या खांद्यावर, गप्प झालं तरी तिथंच. सुई मी टोचायची आणि कौतुक त्यांचं. मला सगळ्या 'आप्पांच्या बाई' म्हणत. मी रजिस्टर उघडेपर्यंत ते सांगून मोकळे, "धर्मीच्या पोराची दुसरी सुई राह्यली हाय." खरंच राहिलेली असायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका मे महिन्यात ठरवलं, एकदा यांच्याशिवाय जाऊन दाखवायचं. ते यायच्या आत पेटी भरली. ऊन मरणाचं, म्हणून आईसपॅक फ्रीजरमधून काढले तसेच कोंबले. म्हटलं, पुस्तक काही म्हणो, आज जितकं थंड तितकं बरं. दीड तास चढून वाडीत पोचले. लसीचा वार ठरलेला, त्यामुळे बाया पोरं घेऊन बसल्याच होत्या. बाटली उजेडात धरली. आत बर्फाचे कण होते. लस उन्हानं बिघडते तशी गोठूनही बिघडते. ती टोचून उपयोग नव्हता, आणि परत पाठवलेल्या बाया पुन्हा येतील याचा भरवसा नव्हता.

तेवढ्यात आप्पा धापा टाकत आले. त्यांनी बाटली पाहिली, मग मला पाहिलं.

"पेटी मीच भरली व्हती," ते बायांना म्हणाले. "बाई सांगत व्हत्या, पानी वाजू दे. मीच घाई केली. परवा येतो, समद्यांनी या."

"आप्पा, म्हातारं झालात!" बाया हसल्या, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या आल्या.

उतरताना पेटी त्यांनीच खांद्यावर घेतली. मला संताप आला. या माणसानं माझी चूकसुद्धा माझी राहू दिली नाही! त्यांची चूक सापडली असती तर मी थेट डॉक्टरसाहेबांच्या कानावर घातली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर जास्त जळलं.

गेल्या वर्षी आप्पा वारले. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी करते. परवा वाडीत माहेरी बाळंतपणाला आलेली एक नवी आई बाळ छातीशी घट्ट धरून उभी होती.

"आप्पा नाय आलं?"

"आप्पा आता नाहीत गं."

तिनं माझ्या खांद्याकडे पाहिलं. "पेटी त्यांचीच ना ही?"

"हो."

"मंग टोचा," म्हणत तिनं बाळ माझ्या हातात दिलं.

साहेब सांगतात, बर्फाशिवाय उन्हातही काही दिवस टिकणाऱ्या लसी येतील आणि ही ओझी जातील. बाकीच्या नर्स खूश झाल्या. मी अजून आईसपॅक कानाशी धरते. पेटी गेली की त्या वाडीत मला एकटीला जावं लागेल, आणि इतक्या वर्षांत तिथं कुणी माझं नाव विचारलेलं नाही.