रहाटाची पाळी

आमचे सण इनासकाकांना आमच्याआधी आठवायचे. नंदाखालला आमची आणि त्यांची बाग एकाच विहिरीवर. सकाळी रहाट आमचा, दुपारी त्यांचा. होळीच्या आदल्या दिवशी ते कुंपणापाशी येऊन आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगायचे, "उद्या बैलाला हात लावू नका. तुमचं पाणी मी सोडतो. पोळ्या मात्र मोजून पाठवू नका म्हणावं वहिनींना." नाताळात तेच काम आप्पा करायचे. काकांच्या घरची बोली वेगळी. आमच्याशी ते आमची बोलायचे, आप्पांना चिडवायचं असलं की हटकून आपल्या बोलीत शिरायचे.

स्वातंत्र्यानंतरच्या उन्हाळ्यात आई गेली. मी रडले नाही. ओटीवर बसून रहाटाची करकर ऐकत राहिले. सुतकात आम्ही बागेत उतरायचं नव्हतं, म्हणून दोन्ही पाळ्या इनासकाकाच ओढत होते. आगाशीहून आलेले थोरले काका ते बघून तडकले. "ख्रिस्ताव माणूस आपल्या वाफ्यांत हिंडतो आणि तू बघत बसतोस? वेगळी विहीर खण. उद्या हे लोक आपले राहतील कशावरून?"

इनासकाकांनी विहिरीवरून ऐकलं. "खणा की," ते म्हणाले. "पण पाऊस पडू द्या. आत्ता माझा हात थांबला तर वहिनींनी लावलेली केळी जातील." आणि बैल हाकत पुन्हा फिरू लागले. आप्पांनी विहीर मात्र खणली नाही.

पुढे काही वर्षांनी ऐन वैशाखात इनासकाका तापाने गेले. चर्चची घंटा वाजली, सगळा गाव मातीला गेला. आप्पा गेले नाहीत. थोरले काका म्हणाले, "उशिरा का होईना, शहाणा झाला." मला आप्पांची लाज वाटली. बाकी आत काही हलतच नव्हतं.

परतताना मी कतरीनकाकींचा, इनासकाकांच्या बायकोचा, हात धरून चालले होते. मागून एक बाई म्हणालीच, "एवढा शेजार, आणि मातीला आला नाही!"

काकी घरात न जाता बागेत शिरल्या. पाट वाहत होता. त्यांचे वाफे काठोकाठ भरले होते आणि आप्पा बैलामागे फिरत होते.

"आले नाहीत म्हणे," काकी त्या बाईकडे वळून म्हणाल्या. "मग हे पाणी काय आपल्या पायांनी चालत आलं?"

आप्पांनी मान वर केली नाही. सकाळपासून ते तिथेच होते. कुंपणापलीकडे आमचे वाफे कोरडे पडले होते. त्या दिवशीची आमची पाळीही त्यांनी इनासकाकांना दिली होती.