बसून उतरलेला जिना

गेल्या मंगळवारी मी आमच्या आयर्लंडमधल्या, कॉर्क शहरातल्या घराचा जिना बसून उतरत होते... एकेक पायरी सरकत, तीन महिन्यांच्या ईराला छातीशी घट्ट धरून. आणि नेमकं ते एका परक्या बाईने पाहिलं.

ती बाई म्हणजे ओर्ला. बाळंतिणींच्या मनाचं बघणारी स्पेशालिस्ट नर्स. ईराच्या इंजेक्शनच्या वेळी जीपीसमोर, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरसमोर, मला रडू फुटलं होतं, म्हणून जीपीने तिला आमच्याकडे पाठवलं होतं.

आता खरं सांगते. ईरा दोन आठवड्यांची असल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं... मी जिन्याच्या वर उभी आहे आणि तिला खाली फेकतेय. दिवसातून वीस-वीस वेळा. म्हणून मी शक्यतो वरच्याच खोलीत राहायचे, आणि तिला घेऊन खाली यावंच लागलं तर बसून.

नवऱ्याला, निखिलला, मी टाके दुखतात असं सांगितलं होतं. बिचाऱ्याने बसायच्या तीन प्रकारच्या उशा मागवल्या. आई लॉकडाऊनमुळे पुण्यात अडकलेली, ती रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची कशी आहेस, आणि मी म्हणायचे मस्त.

बाळंतपणानंतर मन कसं आहे ते विचारणारा जीपीचा फॉर्मसुद्धा मी असाच, सगळं मस्त म्हणून, भरला होता. शाळेपासून पैकीच्या पैकी मिळवायची खोड, दुसरं काय... मनात मात्र धडकी, की एक उत्तर चुकलं तर हे लोक माझ्या मुलीला घेऊन जातील.

त्या दिवशी निखिलने ओर्लाला आत घेतलं आणि तो बाजूच्या खोलीत ऑनलाइन मीटिंगला बसला. ती खाली मास्क लावून उभी, मी पाचव्या पायरीवर. ती सगळ्यात खालच्या पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "बस तिथेच, घाई नाही."

मग सरळ विचारलं, "बाळाला काहीतरी होतंय, तुझ्याच हातून होतंय, अशी चित्रं दिसतात का? पुष्कळ आयांना दिसतात."

मी मानेनेच हो म्हटलं. मग सगळं सांगूनच टाकलं, आणि आता ही कुणाला तरी फोन लावणार म्हणून ईराला आणखी घट्ट धरलं.

तिने फोन काढलाच नाही. तसं करावंसं वाटतं का, आवाज ऐकू येतात का, जगणं नकोसं होतं का, असं शांतपणे एकेक विचारत गेली. मी पहिल्यांदाच खरी उत्तरं दिली.

"हे विचार तुला नको आहेत, म्हणून तर तू बसून उतरतेस," ती म्हणाली. "तू तिला सांभाळते आहेस. यावर उपचार आहेत, मी दर आठवड्याला येईन. आणि बाळ तुझ्याजवळच राहणार."

मी ओक्साबोक्शी रडले. निखिल मीटिंग अर्धवट सोडून धावत आला, त्याला काही कळेना. पण इतकं हलकं मला ईरा झाल्यापासून वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सगळं सांगितलं.

"तुला जिना दिसतो, तशी तुझ्या वेळी मला गॅलरी दिसायची," ती म्हणाली. "तिसरा मजला ना आपला. चार महिने तुझी दुपटी मी घरातच वाळत घातली. सासूबाई म्हणायच्या, आळशी आहे."

"कुणाला सांगितलं होतंस?"

"आत्ता तुला सांगितलं."

चौतीस वर्षं... आणि मग आम्ही दोघी जरा रडलो, जरा हसलो. मला तीन महिन्यांत कुणीतरी विचारलं. आईला कुणी विचारलंच नव्हतं. ओर्ला, तुझे आभार माझ्या आईकडूनही.