दुसरी खोली दाखवा

आखाडा बाळापूरच्या पुढे, मोटारसायकल कशीबशी जाईल अशा रस्त्यावरच्या एका तांड्यावर मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. शाळेला खोली एक आणि वर्ग चार. पहिली-दुसरी आत, तिसरी-चौथी देवळाच्या ओट्यावर. तांड्यावर बदली कुणी मागून घेत नाही, त्यामुळे मला तिथून कुणी हलवलं नाही.

ओट्याचा त्रास उन्हापावसाचा होताच, पण खरी अडचण दिवाळीनंतर यायची. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की ओट्यावरची लेकरं आईबापाबरोबर जायची. चौथीच्या पोरी सगळ्यात आधी. मी आडवी गेले की आया म्हणायच्या, "बाई, तुमची ती शाळा हाय का? तिथं तर कुत्रं बी बसतंय." आतल्या वर्गातली लेकरं मात्र म्हाताऱ्यांजवळ राहायची, कारण ती शाळेत होती. चार भिंतींत बसलेलं लेकरू शाळेतलं, ओट्यावरचं रिकामं. असा तो हिशेब होता, आणि तो चुकीचा आहे असं मला कधी वाटलं नाही.

मला यादी करून काम करायची सवय आहे. दर जूनच्या यादीत पहिलं काम असायचं, दुसऱ्या खोलीची मागणी. पंचायत समितीतल्या बाबूने एका जूनमध्ये मान वर न करताच सांगितलं, "तुमची खोली झाली न म्याडम. कवाच झाली."

"कुठे झाली?"

"तांड्यावर. पूर्ण म्हणून नोंद हाय."

मी फाईल मागितली. ती गोपनीय होती. शाळेच्या खोलीची फाईल गोपनीय! सीमेवरचा बंकर बांधला होता की काय, कोण जाणे. पुढच्या वर्षी फाईल साहेबांच्या कपाटात होती आणि साहेब रजेवर होते. मग हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि या लोकांना आयुष्यभराची सोय झाली. हिंगोलीत विचारलं की फाईल परभणीला, परभणीला विचारलं की हिंगोलीला पाठवली. मी सुट्टी टाकून दोन्हीकडे जाऊन आले. दोन्हीकडे पंखा चालू होता आणि खुर्ची रिकामी होती.

माहितीचा कायदा आला तेव्हा मी तो पूर्ण वाचला. ज्यांनी तो राबवायचा होता त्यांनी वाचला नसावा, कारण कागदाच्या नकलाच तेवढ्या मागता येतात अशी त्यांची समजूत होती. कायद्यात झालेल्या कामाची जागेवर पाहणी करण्याचाही हक्क आहे. मी अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि एकच मागणी लिहिली: तांड्यावरच्या शाळेची दुसरी खोली मला प्रत्यक्ष दाखवावी, तारीख कळवावी.

बाबू म्हणाला, "म्याडम, नोकरी करायची का अर्जबाजी?"

"दोन्ही. पोच द्या."

उत्तर आलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाखा अभियंता स्वतः येऊन खोली दाखवतील. मला वाटलं, निदान आता कबूल करतील. त्यांची लायकी मी जास्त धरली होती.

सुट्टी संपवून परत आले तर आमच्या एकुलत्या एका खोलीच्या मधोमध भिंत उभी होती. मागच्या खिडकीचा दरवाजा केला होता आणि त्यावर रंगाने लिहिलं होतं, "खोली क्र. २".

मी तांड्याच्या नायकाला विचारलं, "तुम्ही बघत काय बसलात?"

"गुत्तेदाराचे लोक आले. म्हणले, बाईनं अर्ज केला, त्याचंच काम चालू हाय. आमी तर त्याइला पाणी भरून दिलं."

गुत्तेदार म्हणजे आमच्याकडचा कंत्राटदार. त्याच्या हुशारीचीही एक हद्द होती. आमचा फळा म्हणजे समोरच्या भिंतीवर काळ्या रंगाने रंगवलेला चौकोन. नवी भिंत नेमकी त्याच्या मध्यावर येऊन टेकली होती. सुट्टीआधी मी लिहिलं होतं, "रोज एक पान शुद्धलेखन लिहा." आता "रोज एक पान" पहिल्या खोलीत होतं आणि "शुद्धलेखन लिहा" दुसरीत.

ठरल्या दिवशी जीप आली. अभियंता साहेबांनी बूट न काढता आत येऊन बोट दाखवलं. "ही एक. ही दोन. झाली पाहणी?"

नायकाची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, एका भाकरीचे दोन तुकडे केले तर तुमच्या घरी दोन भाकरी मोजत्यात का?"

"बाई, तुमी मधी बोलू नका."

"मधी तर तुमी भित्ताड घातलं."

बाहेर जमलेले लोक हसले. साहेबांना घाई झाली. मी पाहणीची नोंद लिहूनच ठेवली होती: दुसरी खोली म्हणून पहिल्याच खोलीत भिंत घातलेली दाखवण्यात आली, फळा दोन्ही खोल्यांत अर्धा-अर्धा आहे. साहेबांनी सही केली. वाचली नाही. आयुष्यभर न वाचता सह्या केलेल्या माणसाने त्या दिवशीच का वाचावं?

त्या आठवड्यात टोळ्या गेल्या आणि चौथीच्या पोरी गेल्या. त्या दोन अर्ध्या खोल्यांत चार वर्ग बसेनात, म्हणून ओटा चालूच होता. महिन्याभरात मला नोटीस आली: शासकीय इमारतीत विनापरवानगी भिंत बांधल्याबद्दल खुलासा करावा. भिंत त्यांनी घातली आणि खुलासा मी करायचा! मी खुलाशाला साहेबांच्या सहीची नोंद जोडली आणि दुसरी खोली दाखवलीच नाही म्हणून माहितीच्या कायद्याखाली अपील केलं. अपील ऐकणारे अधिकारी माहिती अधिकाऱ्याच्या शेजारच्याच टेबलावर बसायचे. चहा दोघांना एकाच किटलीतून यायचा.

त्यांनी कागद वाचले, दार लावून घेतलं आणि आवाज उतरवला. "म्याडम, खोली देऊ. अपील मागं घ्या. उगं कुणाच्या पोटावर पाय काहून?"

"आधी कामाचा आदेश द्या. काम सुरू झालं की घेते."

शेवटी आदेश निघाला. जोत्याचे दगड पडले त्या दिवशी मी अपील मागे घेतलं. अभियंत्याचं काहीही वाकडं झालं नाही, पुढे त्याला बढती मिळाली. लढायला हवं होतं, असं मला काही शहाण्यांनी नंतर सुनावलं. त्यांनी खुशाल लढावं. मला पुढच्या दिवाळीआधी छप्पर हवं होतं.

ते झालं. मधली भिंत तांड्यावरच्या लोकांनीच पाडली. नवी खोली फार चांगली नव्हती, एका कोपऱ्यात गळायची, पण तिला चार भिंती होत्या. तिसरी-चौथी तिथे बसली. आधीच्या वर्षी गेलेल्या पोरींपैकी शाळेत परत कुणीच आलं नाही. दोघींची तर लग्नं ठरली होती.

दिवाळीनंतर ट्रक आला. मुकादम नायकाच्या सुनेला म्हणाला, "पोरगी कुठं हाय? लहान्याला कोण सांभाळील?"

सून ट्रकमध्ये भांडी चढवत होती. "लहान्याला मी पाठीशी बांधते," ती म्हणाली. "पोरगी शाळेत हाय. हाका मारू नका, बाई शिकवून राहिल्या."