एकाआड एक शून्य

सावली गावाजवळच्या तलावाचं गेट अर्धवट उघडं अडकलं होतं. खाली पाटात तुळशीरामभाऊ आणि मच्छीमार सोसायटीची माणसं कंबरभर पाण्यात जाळं धरून उभी. नुकतीच सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वाहून गेली की वर्षाची मासेमारी गेली. आणि गेटचा कंट्रोलर बनवणारा मी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, लॅपटॉप घेऊन बसलेला. कोरडा.

"भाऊ, मशीन बंद करा न. हातानं पाडतो गेट."

"बंद केलं की चूक पळते. जरा थांबा."

"आमी थांबू. मासोळ्या थांबतीन का?"

मी डीबगर जोडला होता. हे सॉफ्टवेअर अडकलेल्या चिपला बाहेरून विचारतं, तुझ्या रजिस्टरमध्ये काय आहे? रजिस्टर म्हणजे प्रोसेसरचे खिसे. चालू कामाचे आकडे त्यांत असतात. प्रोग्रॅम कुठे पोचलाय तेही एका खिशात असतं. पण चिप आकडे नुसते सलग ओतते. कोणता खिसा कुठे संपतो, हे डीबगरला एका फाइलमध्ये आपणच लिहून द्यायचं.

दिलं होतं की! तरी प्रोग्रॅम अशा जागी दिसत होता, जिथे प्रोग्रॅमच नव्हता. मी सोलर पॅनलला दोष दिला, मग बॅटरीला, मग उन्हाला. दुपार कलली. जाळ्यावरच्या माणसांनी जागा बदलल्या. मी मांडी बदलली.

नागपूरहून बॉसचा फोन आला. "रजिस्टर वाच. मोठ्यानं."

"आकडा, मॅडम. मग शून्य. आकडा. शून्य. आकडा..."

पुढच्या शून्याला मी पुन्हा वरून मोजू लागलो.

"नवीन चिप किती बिटची?"

"चौसष्ट."

"आणि फाइल?"

फाइल जुन्या बोर्डाची. बत्तीसची. कॉपी करून मी फक्त नाव बदललं होतं, ते मात्र अगदी निगुतीनं. डीबगर बिचारा प्रत्येक खिसा मधोमध कापून मला दोन दाखवत होता: एकात आकडा, दुसऱ्यात शून्य.

फाइल सुधारली आणि प्रोग्रॅम अडकला होता ती ओळ लगेच दिसली. सेन्सरला पाण्याची उंची विचारून प्रोग्रॅम उत्तराची वाट बघत बसला होता. सेन्सरची वायर निघालेली. आणि किती वेळ वाट बघायची, हे मी लिहिलेलंच नव्हतं. वायर खोचली. गेट खाली आलं.

बोटुकली बहुतेक वाचली.

"म्हंजे मशीन बी वाट पाहून राह्यली होती, अन् आमी बी," तुळशीरामभाऊ पाय ओढत वर आले. "चाला, आता जाळं धुवाले या."

गेलो. तेव्हापासून बोर्ड बदललं की ती फाइल आधी उघडतो. आणि तलावावर जाताना हाफपँट सोबत ठेवतो.